चांद्याचे गोंड राज्य: तलाव, देव आणि परकोट

मध्य भारतात गोंडांची चार मोठी राज्ये होऊन गेली: गढा-मंडला, देवगड, खेरला आणि चांदा. चांदा त्यांतले सर्वांत दक्षिणेचे. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे, वर्धेपलीकडचा वणीचा मुलूख आणि आता तेलंगणात असलेला शिरपूरचा भाग या राज्यात वेगवेगळ्या काळी मोडत होता. राज्याचा शेवट 1751 मध्ये झाला, याविषयी वाद नाही. आरंभाविषयी मात्र आहे. 1869 मध्ये चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिताना मेजर ल्युसी स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने राजांची एकोणीस नावांची वंशावळ नोंदवली आणि पहिल्या राजाला नवव्या शतकात बसवले. नंतरच्या अभ्यासकांनी तो काळ तेराव्या शतकापर्यंत अलीकडे आणला. या वंशावळीचा बराचसा आधार तोंडी परंपरेचा असल्यामुळे सुरुवातीच्या राजांची नावे घ्यावीत, पण सनावळीवर फार भार देऊ नये.

पहिला राजा भीम बल्लाळसिंह. त्याची राजधानी शिरपूरला होती. त्याच्या वंशजांपैकी हीरसिंहाने वहितीच्या जमिनीवर प्रथम कर बसवला, असे परंपरा सांगते. ही नोंद लहान दिसली तरी महत्त्वाची आहे. तोवर जंगल तोडून, दोन-चार वर्षे पीक घेऊन पुढे सरकणाऱ्या लोकांचे नायक होते. कर आला, म्हणजे एका जागी टिकणारी शेती आली आणि तिच्या मागोमाग राज्य आले. पुढे सुर्जा बल्लाळसिंहाला दिल्लीच्या बादशहाकडून ‘शाह’ ही पदवी मिळाली, अशी कथा आहे. कथेचा तपशील काहीही असो, त्याच्यानंतर या घराण्यातल्या राजांच्या नावापुढे ‘सिंह’ जाऊन ‘शाह’ आले ते कायमचे.

त्याचा मुलगा खांडक्या बल्लाळशाह. याच्या अंगावर फोड होते आणि कशानेही ते बरे होत नव्हते. राणीने हवापालट सुचवला, म्हणून शिरपूर सोडून वर्धेच्या काठी नवा किल्ला बांधण्यात आला. तेच आजचे बल्लारपूर. तिथून शिकारीला निघालेला राजा तहानेने झरपट नदीच्या कोरड्या पात्रात उतरला, एका खळग्यातले पाणी प्यायला, तोंड-हात धुतले, आणि त्या रात्री त्याला कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली. सकाळी पाहतात तो पाणी लागलेल्या जागचे फोड गेलेले. खळगा मोकळा केला तेव्हा खडकात गाईच्या पाच खुरांचे ठसे आणि त्यांत न आटणारे पाणी दिसले. तिथे अचलेश्वराचे देऊळ झाले. देवळाचे काम पाहायला येता-जाता राजाला आणखी एक नवल दिसले: कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला होता. शेवटी कुत्र्याने सशाला मारले. राणीच्या सल्ल्याने राजाने त्या धावेच्या वाटेवरच नगराचा परकोट आखला आणि जिथे ससा वळला, जिथे तो पडला, तिथे बुरूज घातले. सशाने कुत्र्यावर चाल केल्याची गोष्ट भारतातल्या अनेक राजधान्यांच्या नावावर आहे, त्यामुळे तिच्यात इतिहास शोधण्यात अर्थ नाही. पाण्याच्या खळग्याची गोष्ट मात्र या जागेचीच आहे. उन्हाळ्यात नदी आटली तरी पात्राखाली पाणी असते, हे ज्याला कळले त्याने ही जागा निवडली.

जागा खरोखर विचारपूर्वक निवडलेली आहे. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट, दक्षिणेला दोघींचा संगम. शत्रूला मोकळी वाट फक्त उत्तरेकडून. परकोट घडीव दगडाचा, दहा-अकरा किलोमीटर लांबीचा, ठिकठिकाणी बुरूज असलेला आहे. उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा असे चार दरवाजे. शिवाय हनुमान, विठोबा, चोर, मसाण आणि बगड या पाच खिडक्या. दरवाजांवर हत्तीवर मात करणारा सिंह कोरलेला आहे. ते चांद्याच्या गोंड राजांचे चिन्ह. खांडक्याने पाया घातला आणि काम पुढच्या कित्येक राजांनी चालवले; धुंड्या रामशाहाच्या कारकिर्दीत, म्हणजे पाच-सहा पिढ्यांनंतर, तट पुरा झाला. एवढ्या घेराच्या आत सगळी घरे नव्हतीच. एकोणिसाव्या शतकातही परकोटाच्या आत शेते आणि वाड्या होत्या. वेढा पडला तर आतले पीक आणि आतले पाणी यांवर काही काळ निभावून नेता यावे, असा हा हिशोब.

परकोटाचे दुसरे काम लढाईशी संबंधित नव्हते. पावसाळ्यात वर्धा फुगली की इरईचे पाणी पुढे सरकत नाही, ते मागे फुगते आणि शहराच्या दक्षिणेला चढते. दरवाजे लावून घेतले की हाच तट पुराला अडवत असे. परकोटाबाहेर इरईच्या पूररेषेत वस्ती वाढली ती विसाव्या शतकात, आणि आज पठाणपुरा दरवाजापलीकडे पाणी भरल्याच्या बातम्या येतात त्या याच पट्ट्यातल्या असतात. शहराच्या आतला रामाळा तलावही गोंडकालीन आहे. त्याचे पाणी जमिनीखालच्या नळांनी वस्तीत खेळवले होते.

ज्या शतकात चांद्याच्या तटाचे दगड रचले जात होते, त्याच शतकात पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला आजच्या मेक्सिकोत अझ्टेक लोकांची तेनोच्तित्लान ही राजधानी भरभराटीला आली होती. 1325 च्या सुमारास एका सरोवरातल्या बेटावर ती वसली. उथळ पाण्यात गाळाचे वाफे रचून अझ्टेकांनी शेती केली, खारे पाणी गोड्या पाण्यात मिसळू नये म्हणून लांबलचक बांध घातला आणि चापुल्तेपेकच्या झऱ्याचे पाणी दुहेरी पाटाने शहरात आणले. एक पाट साफ होत असताना दुसरा चालू राही. अझ्टेकांची सगळी कमाल त्या एका शहरात एकवटली होती. चांद्याची कमाल राजधानीत कमी आणि राज्यभर विखुरलेली जास्त. ती पाहायची तर परकोट सोडून धानाच्या बांधीत उतरावे लागते.

वैनगंगेच्या दोन्ही अंगांचा हा प्रदेश पावसाचा. पण पाऊस पडतो चार महिन्यांत आणि धानाला पाणी लागते ते पाऊस ओढ देतो त्या आठवड्यांत. पीक पोटऱ्यात आले आणि भाद्रपदानंतर सरी थांबल्या, तर लोंबी पोचट राहते. यावर गोंड राजवटीने शोधलेला उपाय दगड-मातीइतकाच कायद्याचाही होता. जंगल तोडून गाव वसवील त्याला गावाची सनद, आणि तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन, अशी पद्धत हीरशाह राजाच्या नावावर सांगितली जाते. तलावासाठी दिलेल्या अशा देणगीला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातल्या एका मोठ्या वस्तीचे नाव आजही तुकूम आहे आणि जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या नावामागे हाच शब्द लागतो. राजाच्या तिजोरीतून एक कवडी न जाता तलाव उभे राहत, आणि बांधणाऱ्याचे पोटच त्या पाण्यावर असल्यामुळे पाळ फुटली तर दुरुस्तीसाठी त्याला सांगावे लागत नसे. मध्ययुगीन राज्यांच्या कारभारात इतकी साधी आणि इतकी टिकाऊ युक्ती क्वचितच सापडते.

बांधण्याची रीत अशी. दोन टेकड्यांच्या मधल्या उताराला, जिथे पावसाचे पाणी आपणहून एकवटते, तिथे माती-मुरुमाची आडवी पाळ घालायची. पाण्याकडच्या अंगाला दगडांची रचाई. जादा पाणी पाळीवरून गेले तर पाळ वाहून जाईल, म्हणून एका टोकाला खडकाळ जमीन पाहून सांडवा काढायचा. पाणी सोडण्यासाठी पाळीच्या पोटात तुडूम. ही पायऱ्यापायऱ्यांची दगडी मोरी असते. तिच्या प्रत्येक पायरीला एक भोक आणि प्रत्येक भोकाला एक बूच. पाणी जसजसे उतरेल तसतसे खालचे बूच काढायचे, म्हणजे पाट नेहमी वरच्या थराच्या पाण्याने वाहतो आणि पाण्याचा जोर बेताबाहेर जात नाही. एका तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, त्याचे त्याहून खालच्या लहान तळ्यात, म्हणजे बोडीत, अशी साखळी करायची. या कामात कोहळी समाज विशेष तरबेज होता. भंडारा-गोंदियापासून ब्रह्मपुरी-वडसा-आरमोरीपर्यंतच्या तलावांवर त्यांचा हात फिरलेला आहे. हे लोक काशीकडून आले, अशी त्यांची स्वतःची परंपरा आहे. पुढे ब्रिटिश अमलात गावे मालगुजारांच्या, म्हणजे सारा भरणाऱ्या गावमालकांच्या, नावे लागली आणि तलाव मालगुजारी झाले. तेच आजचे माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’ तलाव.

ज्यांचे राज्य होते त्यांचा मूळ धर्म देवळांचा नव्हता. गोंडांचा सर्वांत मोठा देव पर्सापेन, म्हणजेच बडादेव. त्याचे ठाणे साजाच्या, मराठीत ऐनाच्या, झाडात. पहांदी पारी कुपार लिंगो याने गोंडांना कुळांत वाटून दिले आणि देवांची संख्या ठरवून दिली, अशी धारणा आहे: कुणी चार देवांचे, कुणी पाच, कुणी सहा, कुणी सात. एकाच देवसंख्येची माणसे एकमेकांची भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणजे देव किती, या प्रश्नाचे उत्तर कळले की लग्न कुणाशी जमेल हेही कळते. ही सगळी उत्पत्तिकथा आणि कुळांच्या वंशावळी परधान लोकांनी किंगरी या तंतुवाद्यावर गाऊन जिवंत ठेवल्या. गोंडीला राजदरबारात लिखित ग्रंथांची परंपरा नव्हती. परधान हेच तिचे दफ्तर.

जंगलातल्या देवस्थानांना छप्पर असतेच असे नाही. ताडोबाच्या तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली तारू या देवाचे ठाणे आहे. तारू गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला. पौषात तिथे जत्रा भरते, आणि त्याच्याच नावाचे राष्ट्रीय उद्यान पाहायला आता जगभरातून लोक येतात. गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे. जानेवारीत त्याची यात्रा असते. भामरागडकडच्या माडिया गोंडांकडे पेरणीआधी बियाण्याचा विज्जा पंडुम होतो आणि नवे पीक देवाला दाखवल्याशिवाय तोंडाला लागत नाही.

राजघराण्याने मात्र या जुन्या देवांना न सोडता नवे देव जोडले. कोंड्याशाह, ज्याला कर्णशाहही म्हणतात, याच्या काळापासून दरबारात ब्राह्मणी पूजाविधी आणि देवळांचे बांधकाम वाढले. झरपटच्या काठचे महाकालीचे आजचे देऊळ राणी हिराईने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधले, त्यामागची कथा कडवट आहे. हिराईचा पती बीरशाह. त्याची मुलगी देवगडच्या दुर्गपालाला दिली होती. जावयाने तिचा अपमान केला, तेव्हा बीरशाहाने महाकालीला त्याच्या शिराचा नवस बोलून देवगडवर स्वारी केली आणि नवस फेडला. देवळावर देवगडच्या दिशेला तोंड केलेले एक दगडी शिर आहे, ते दुर्गपालाचे मानतात. चैत्रात या देवीच्या यात्रेला नांदेड-परभणीकडून हजारो माणसे येतात. त्यांना या शिराची गोष्ट माहीत असते असे नाही.

नरबळीचा प्रश्न इथे येतोच. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात चांदा आणि लांजी इथल्या कालीपुढे पूर्वी माणूस बळी दिला जाई, असे म्हटले आहे. ती माहिती ऐकीव आहे. अझ्टेकांची गोष्ट वेगळी. त्यांच्या मुख्य मंदिराजवळ कवट्यांचे रचलेले बुरूज उत्खननात सापडले आहेत, तेव्हा स्पॅनिश लेखकांनी आकडे फुगवले असले तरी प्रथा नाकारता येत नाही. चांद्याबाबत तसा कोणताही पुरावा जमिनीतून निघालेला नाही. जिंकणाऱ्याला जिंकलेल्यांविषयी अशा गोष्टी सोयीच्या वाटतात, हे लक्षात ठेवून त्या नोंदी वाचाव्यात.

बीरशाहाला स्वतःच्या दुसऱ्या लग्नाच्या समारंभात हिरामण नावाच्या रजपुताने मारले. हिराईने अचलेश्वराशेजारी पतीची समाधी बांधली. घुमट आणि कमानी मुसलमानी वळणाच्या, समाधी गोंड राजाची, आवार शंकराचे. चंद्रपुरात पाहण्यासारखी एकच वास्तू निवडायची तर हीच निवडावी. दत्तक रामशाह लहान असल्यामुळे हिराईने बरीच वर्षे कारभार स्वतः पाहिला. शहराच्या लालपेठ भागात रायप्पा कोमटी या व्यापाऱ्याने देवळासाठी घडवलेल्या अखंड दगडी मूर्ती उघड्यावर पडून आहेत. त्यांतली दहा तोंडांची दुर्गा सुमारे पंचवीस फूट लांब आहे. देऊळ कधी झालेच नाही.

अकबराच्या काळात अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त चांद्याच्या बाबजी बल्लाळशाहाजवळ 1,000 घोडदळ आणि 40,000 पायदळ असल्याचे लिहिले. वैरागडची हिऱ्याची खाण त्याने नुकतीच दुसऱ्या सरदाराकडून घेतली होती. वैरागड आज गडचिरोलीच्या आरमोरी तालुक्यात आहे. या नोंदीतले घोडदळ आणि पायदळ यांचे प्रमाण बोलके आहे. जंगलात राहून लढायला हे सैन्य उत्तम, मैदानात उतरून मोठ्या फौजेला तोंड द्यायला अपुरे. 1667 मध्ये औरंगजेबाचा सरदार दिलेरखान चालून आला, तेव्हा चांद्याने लढण्यापेक्षा मोठी खंडणी मोजणे पसंत केले.

खरा शेवट मोगलांनी केला नाही. नागपुरात रघुजी भोसले स्थिरावले होते आणि देवगडच्या गोंड घराण्यातल्या भाऊबंदकीने ते राज्य त्यांच्या हाती जवळजवळ आलेच होते. चांद्याला 1735 मध्ये रामशाहाचा मुलगा नीलकंठशाह गादीवर आला. रामशाह साधुवृत्तीचा, प्रजेला प्रिय. मुलगा नेमका उलटा. त्याने बापाचा विश्वासू दिवाण महादजी वैद्य याला मारवले, प्रजेला पिडले आणि देवगडच्या भांडणात भोसल्यांच्या विरोधी बाजूला हात दिला. 1749 मध्ये रघुजी चांद्यावर आले. पाच-सहा पिढ्यांनी बांधलेल्या परकोटाला खिंडार पाडावे लागले नाही. पैसा आत गेला आणि दरवाजे आतून उघडले. तहात राज्याच्या उत्पन्नाचा दोन तृतीयांश वाटा भोसल्यांना ठरला. दोन वर्षांनी, 1751 मध्ये, उरलेला तृतीयांशही गेला. नीलकंठशाह कैद झाला आणि खांडक्याने बांधलेल्या बल्लारपूरच्या किल्ल्यातच वारला.

तेनोच्तित्लान पडले ते 75 दिवसांच्या वेढ्यानंतर, 13 ऑगस्ट 1521 रोजी. त्याआधीच देवी रोगाच्या साथीने शहराची चाळण केली होती आणि चापुल्तेपेकचे पाणी वेढ्याच्या आरंभीच तोडले गेले. तरी एर्नान कोर्तेसजवळ स्पॅनिश माणसे हजाराच्या आसपासच होती. लढणारे बहुसंख्य लोक त्लाश्कालासारख्या शेजारी राज्यांचे, अझ्टेकांच्या जुलमाला विटलेले. दोन्हीकडे राजधानी बाहेरच्याने घेतली, पण घरच्या नाराजांच्या खांद्यावर उभे राहून. फरक पुढच्या काळात दिसतो. मेक्सिकोत नगर पाडून त्याच दगडांवर नवे शहर, देवळाशेजारी कॅथेड्रल आणि सगळ्यांवर नवा धर्म आला. चांद्यात भोसल्यांनी राजवाडा घेतला, महसूल घेतला. देव तसेच राहिले, महाकालीची यात्रा तशीच राहिली. वैनगंगेपलीकडच्या जंगलातल्या जमीनदाऱ्यांवर नागपूरचा अंमल नावापुरता होता. अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांत गोंड घराणीच गादीवर होती.

भोसल्यांच्या घरात वाटणी झाली तेव्हा चांदा मुधोजींकडे गेले. पुढची वर्षे पेंढाऱ्यांच्या धाडींची आणि ओस पडत चाललेल्या गावांची. 1818 मध्ये आप्पासाहेब भोसल्यांच्या युद्धात कर्नल अॅडम्सच्या ब्रिटिश फौजेने शहर तोफांनी फोडले. या वेळी परकोट लढला; किल्लेदार गंगासिंग लढताना पडला आणि 20 मे रोजी चांदा इंग्रजांच्या हाती आले. 1853 मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी सारे राज्य खालसा झाले.

त्यानंतर चार वर्षांनी गोंड पुन्हा उठले ते राजधानीतून नव्हे, जमीनदाऱ्यांतून. अहेरीच्या मुलखातल्या मोलमपल्लीचे बाबुराव पुल्लेसुर शेडमाके यांनी मार्च 1858 मध्ये राजगड परगण्यात उठाव केला, नांदगाव-घोसरीला इंग्रजांच्या तुकडीला मागे रेटले, आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. एप्रिलअखेर प्राणहितेच्या काठी तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला, त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. डेप्युटी कमिशनर क्रिचटनने फौजेपेक्षा अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दाब टाकला, आणि बाबुराव त्यांच्याच माणसांच्या हाती सापडले. 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिले. व्यंकटराव बस्तरमध्ये निसटले होते. दोन वर्षांनी तेही पकडले गेले. ज्या तऱ्हेने 1749 मध्ये दरवाजे उघडले, तीच तऱ्हा इंग्रजांनी शंभर वर्षांनी जंगलात वापरली.

चांद्याचे नाव 1964 मध्ये चंद्रपूर झाले आणि 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. परकोटावर झाडेझुडपे माजली होती. 2017 पासून इको-प्रो या संस्थेच्या स्वयंसेवकांनी श्रमदानाने बुरुजामागून बुरूज मोकळे केले. तलावांचे नशीब इतके बरे नाही. 1951 मध्ये मालगुजारी रद्द झाली, तेव्हा मालकीबरोबर डागडुजीची जबाबदारीही सरकारकडे आली. मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे. ज्याचे धान त्या पाण्यावर पिकत होते त्याचा आणि पाळीचा संबंध तुटला, आणि पुष्कळ ठिकाणी गाळ भरत गेला. तरी पूर्व विदर्भात असे काही हजार तलाव अजून आहेत, आणि श्रावणात सरींनी ओढ दिली की ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडकडचा शेतकरी तुडुमाचे बूच काढायला पाळीवर जातो.